कोरडी धावलेली फटफटी

आता जे लिहितो आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्या साहेबांपुढे बढतीच्या वेळी माझे सर्व्हिस शीट उघडले गेले त्यांना तर नाहीच. त्या शीटमध्ये एक चांगला शेरा आहे: चोरीची फिर्याद आलेली मोटारसायकल एका दिवसात शोधून काढल्याबद्दल. ती शोधणे मला मुळीच अवघड नव्हते. ती तिथे मीच नेऊन ठेवली होती.

घटना सोलापुरातली, तीस सालच्या मार्शल लॉच्या आधी दोन-तीन वर्षांची. मी शहरात फौजदार होतो. आमच्या गल्लीत एक वकीलसाहेब राहत. वकिली सोडलेली, वय साठीच्या पुढे. विलायतेला परत जाणाऱ्या एका रेल्वे इंजिनिअरकडून त्यांनी जुनी फटफटी घेतली होती. गाडी चौदा सालच्या लढाईच्या आधीची. बाजूला वेताची साईडकार जोडून, तीत वकीलीणबाईंना बसवून ते तुळजापूर, विजापूर करून येत. एकदा तर महाबळेश्वरही गाठले होते. बाई मांडीवर दशम्यांचा डबा आणि हातात पाना घेऊन बसत. पाना केव्हा लागेल याचा नेम नसे.

अशी गाडी बाळगणे सोपे नव्हते. चामडी पट्टा सैल पडे, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो रुसे, वाल्व्हवर काजळी धरे. हे सारे पाहायला दर रविवारी भवानी पेठेतला एक मिस्त्री येई. गिरणीत फिटर, घरी विणकाम, मातृभाषा तेलुगू. फटफटीला तो ‘बंडी’ म्हणे. तेलुगूत बंडी म्हणजे गाडी. त्याने बंडी उघडली की मी तबेल्याच्या दारात जाऊन उभा राही. मला सरकारी घोडा होता, पण घोड्याला पाहून माझे काळीज असे कधी हलले नव्हते.

“बघा फौजदार, पोटभर बघा,” वकीलसाहेब म्हणत, “पण बसायचं नाही.”

त्या हिवाळ्यात ते मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर पुण्याला गेले. तबेल्याची किल्ली मिस्त्रीकडे दिली. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून ठेव, एवढेच सांगून गेले.

पहिल्या रविवारी मी नुसता बसलो. दुसऱ्या रविवारी आवारात चार फेऱ्या मारल्या. तिसऱ्या रविवारी मिस्त्रीच्या मागे लागलो, एकदाच रस्त्यावर नेऊ दे म्हणून. तो नको नको म्हणत होता. पण फौजदार हात जोडतो म्हटल्यावर गिरणीतला माणूस किती वेळ नको म्हणेल? ती विनंती नव्हतीच, हे मला आज कळते. त्याने साईडकार सोडवली आणि मला शिकवले.

“सायेब, एक ध्यानात ठेवा. हिच्या पोटात तेल आपोआप जात न्हाय, हातानं पाजावं लागतं. मैलाचा दगड आला की टाकीवरचा हा दांडा एकदा दाबायचा. दगड आला, दाबला. दगड आला, दाबला. इसरला तर बंडी जाग्यावर बसली.”

“एवढंच ना?”

“एवढंच. पण एवढंच लई हाय.”

साधे कपडे घातले, पायात मात्र खात्याचे बूट, कारण किक पायाला लागते. अक्कलकोटच्या रस्त्याने निघालो. काय सांगू तो आनंद! दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी, तोंडावर गार वारा, आणि मी पस्तिशीचा फौजदार मोठ्याने गात चाललेला. मैलाचा दगड आला की दांडा दाबत होतो. कुंभारीपर्यंत एकही चुकला नाही.

कुंभारीच्या पुढे मैलाचे दगड दिसेनात. मनात आले, बांधकाम खाते इकडे दगड घालायला विसरले असावे. रस्त्याच्या कडेला देव मात्र बरेच होते. शेंदराने थापलेले, रुप्याचे डोळे बसवलेले. मी लहानपणापासून मारुतीला नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाही. दांड्यावरचा हात काढून छातीला लावायचा, मान झुकवायची आणि पुढे. असे पाच नमस्कार झाले. पाचव्यानंतर इंजिनाने कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज काढला, मागचे चाक जागीच थबकले, आणि मी वळसंगच्या अलीकडे एका ज्वारीच्या रानात आडवा झालो.

रानाचा मालक हुरडा भाजत होता. त्याने मला उठवले, पाणी दिले, हुरड्याची मूठ पुढे केली.

“लागलं न्हाय न्हवं?”

“नाही. पण पाच पाच मारुतींना हात जोडून आलो, तरी ही गत!”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग पोट धरून हसत सुटला.

“आवो, त्यो कुटला मारुती! मैलाचा धोंडा हाय की त्यो!”

“मग शेंदूर कसला?”

“आमच्या म्हातारीची गाडी उलटली तितं. बैल वाचलं म्हणून तिनं धोंड्याला शेंदूर लावला. एकाला लावला, मग बाकीचं उगडं बरं दिसंनात.”

त्याच्याच बैलगाडीत फटफटी घातली, वर कडबा रचला आणि दिवस मावळायच्या आत भवानी पेठेत मिस्त्रीच्या घरी आणली. मी गाडीमागून चालत आलो, धुळीने पांढरा झालेला.

मिस्त्रीने इंजिन खोलले. पिस्टन सिलेंडरला धरला होता, रिंगा तुटल्या होत्या. त्याने एक शब्दही रागाचा काढला नाही. फक्त विचारले, “किती दगड?”

“पाच.”

“पाच दगड कोरडी पळाली? लई गुणाची बंडी हाय.” आणि त्याने तिच्या टाकीवर हात फिरवला.

एवढ्या जुन्या गाडीच्या रिंगा मुंबईतही मिळण्यासारख्या नव्हत्या. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत लेथवर बिडाच्या नळीतून तो त्या स्वतः कापणार होता. शुक्रवारी गाडी तबेल्यात परत, असे ठरले.

पण महिना भरायच्या आधीच, बुधवारी, वकीलसाहेब पुण्याहून आले. नातू झाला होता, पेढे घेऊन आले होते. आपल्याजवळच्या दुसऱ्या किल्लीने तबेला उघडला, तर आत साईडकार एकटीच उभी. मिस्त्री गिरणीत पाळीवर, विचारणार कुणाला?

फिर्याद माझ्याच ठाण्यात आली. इन्स्पेक्टरसाहेबांनी तपास माझ्याकडे दिला, कारण मी गल्लीतला. फिर्याद मी स्वतःच्या हाताने लिहून घेतली. वकीलसाहेब गाडीचे वर्णन सांगत होते: डाव्या बाजूला टाकीवर पोचा, सीटला विजापूरच्या मोच्याने घातलेले ठिगळ. मी लिहीत होतो. त्या क्षणी बोललो असतो तर सगळे मिटले असते. पण फौजदाराने दुसऱ्याची गाडी न विचारता नेऊन मोडली, हे स्टेशन डायरीत कसे लिहायचे? मी वाळू टाकून शाई टिपली आणि कागद त्यांच्यापुढे सहीला सरकवला.

गुरुवारी सकाळी आमचे जुने हवालदार खबर घेऊन आले. इन्स्पेक्टरसाहेब समोरच बसले होते.

“साहेब, जकात नाक्यावरचा कारकून सांगतो, रविवारी कडब्याच्या गाडीतून रबराचं चाक बाहेर दिसत होतं. गाडी भवानी पेठेकडं गेली.”

“बरोबर कोण होतं?” साहेबांनी विचारले.

“एक इसम. धुळीनं तोंड ओळखू येत नव्हतं म्हणतो.” हवालदारांनी क्षणभर खाली पाहिले, माझ्या पायांकडे. “बूट मात्र चांगले होते म्हणतो.”

भवानी पेठ आणि तबेल्याचे शाबूत कुलूप, दोन्ही एकाच माणसाकडे बोट दाखवत होते. तासाभरात मिस्त्रीला गिरणीतून उठवून आणले. हातांना अजून तेल होते. चोरीचा खटला उभा राहिला तर गिरणी त्याला परत फाटकात घेणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यालाही होते.

“गाडी कुठं आहे?” मी विचारले.

“हाय सायेब. चांगल्या जागी हाय.”

“कुठल्या?”

त्याने हातांचे तेल सदऱ्याला पुसले.

“तबेल्यातून बाहेर कुणी काढली?”

“ते मी न्हाय सांगणार.”

खोटे बोलणारा माणूस नको तेवढा तपशील देतो, हे मी शेकडो जबाबांत पाहिले आहे. हा माणूस काहीच देत नव्हता. जागा सांगितली की घरझडती होणार, घरच्यांचे जबाब होणार आणि माझे नाव निघणार, हे त्याने ओळखले होते. तो माझ्या डोळ्यांत बघत होता आणि मला वाचवत होता.

“फौजदार,” इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, “आज फारच मऊ दिसता. ओळखीचा आहे की काय?”

मी उठलो आणि मिस्त्रीच्या थोबाडीत मारली. साहेब, हवालदार, दोन शिपाई आणि दारातला पाणक्या, सगळ्यांसमोर. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. मी त्याला कोठडीत घालायला सांगितले आणि डायरीत तशी नोंद केली. अक्षर नेहमीसारखेच सुबक आले.

दुपारी वकीलसाहेब ठाण्यात आले. कोठडीत मिस्त्रीला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“साहेब, मला ह्याला एक प्रश्न विचारू द्या,” ते इन्स्पेक्टरांना म्हणाले.

“विचारा की. आमच्या फौजदारांना तर दाद देत नाही.”

वकीलसाहेब गजांजवळ गेले. चाळीस वर्षे उलटतपासण्या घेतलेला माणूस. वाटले, आता कोंडीत पकडणार. त्यांनी अगदी हळू विचारले, “काय झालंय रे तिला?”

आणि सकाळपासून मिटलेले तोंड उघडले.

“रिंगा गेल्या, मालक! पिस्टन धरला व्हता, पर सिलेंडर वाचला. घासून आरशावानी केलाय. रिंगा मीच कापल्या, बिडाच्या. दोन बसल्या, एक ऱ्हायली. आज जेवणाच्या सुट्टीत बसवणार व्हतो, तर ह्यांनी उचलून आणलं!”

“म्हणजे तुझ्याकडेच आहे?”

“मग दुसरीकडं कुटं जाईल ती?”

गाडी कुठे, कुणी नेली, का नेली, असे मी पन्नास वेळा विचारले होते. गाडी कशी आहे, हे मला सुचले नव्हते. यंत्राविषयी विचारल्यावर त्या माणसाला गप्प बसता येत नव्हते.

इन्स्पेक्टरसाहेबांनी मिस्त्री, वकीलसाहेब आणि दोन पंच बरोबर देऊन मला आणि हवालदारांना पाठवले. मिस्त्रीच्या घरात दोन मागांच्या मधोमध, नव्या चौघडी चादरीखाली फटफटी उभी होती. मिस्त्रीची आई तेलुगूत आम्हा सगळ्यांना काहीतरी सुनावत होती. अर्थ कळला नाही, पण शिव्या भाषांतराशिवाय कळतात. मिस्त्री कुणाची परवानगी न विचारता गाडीपाशी बसला आणि तिसरी रिंग बसवू लागला. वकीलसाहेबांनी धोतराचा सोगा खोचला आणि पाने हातात देऊ लागले. मी पंचनामा लिहीत उभा.

फळीवर तुटक्या रिंगा ठेवल्या होत्या. वकीलसाहेबांनी एक उचलून उजेडात धरली.

“कोरडी पळाली. चार-पाच मैल तरी.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “कुंभारीच्या पुढं गेलं की असंच होतं. मीही पहिल्या वर्षी त्या देवाला हात जोडला होता. तेव्हा एकच शेंदरी होता. आता किती झालेत हो, फौजदार?”

माझ्या तोंडून निघून गेले, “पाच.”

हवालदार खोकले. पंच छताकडे पाहू लागले. वकीलसाहेबांनी रिंग फळीवर ठेवली.

“देवभक्त माणूस चोर नसतो,” ते म्हणाले. “लिहा. गाडी फिर्यादीनेच मिस्त्रीकडे दुरुस्तीला दिली होती, वयोमानाने विस्मरण झाले. सही मी करतो.”

मी लिहिले. प्रकरण ‘सी समरी’त गेले, म्हणजे गैरसमजुतीने दिलेली फिर्याद. मिस्त्री सुटला, गिरणीतला त्याचा एक दिवस फक्त बुडाला. गाडी दिवसात सापडली म्हणून चांगला शेरा मात्र साहेबांनी माझ्या नावावर लिहिला.

त्याने किक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अख्खी गल्ली थरारली. मागावरचे हात थांबले, बाया-माणसे ओट्यांवर धावली, कोंबड्या छपरावर चढल्या. वकीलसाहेबांनी मिस्त्रीला पुढे बसवले, आपण मागे बसले आणि ओरडले, “फौजदार, पेढे खायला घरी या! पायी या!” सगळी पेठ हसली. मीही हसलो. इतके हसू मला त्या दिवशी शोभत नव्हते, पण आवरले नाही.

पुढे नजर अधू झाल्यावर वकीलसाहेबांनी ती फटफटी माझ्या हवाली केली. गुडघ्यांमुळे मी मुदतीआधी पेन्शन घेतली, पण गाडी सोडली नाही. दर रविवारी मिस्त्री येतो. आम्ही काजळी काढतो, पट्टा आवळतो आणि वळसंगपर्यंत जाऊन येतो. शेंदरी दगड आला की दोघेही एकदम ओरडतो, “दाबा!” साखर कारखान्याच्या कामाला मिस्त्री अकलूजला जाऊन राहिला होता त्या वर्षी मी गाडी चालवलीच नाही.

त्या प्रकरणाने मला जबाब घ्यायला शिकवले. ज्याची माणसाला काळजी आहे त्याविषयी आधी विचारा, हे मी पुढे नव्या फौजदारांना सांगत आलो, आणि शोध माझाच असल्यासारखे सांगत आलो. मुका राहिलेला आरोपी कधी कधी विचारणाऱ्यालाच पाठीशी घालत असतो, हे मात्र कुणाला सांगितले नाही.

मिस्त्रीने त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. थोबाडीत मारली ती पाच जणांसमोर मारली, आणि माफी अजून एकट्यात गाठूनही मागितलेली नाही. त्या माफीचे देणे माझ्याकडे अजून बाकी आहे.