धोंड्याच्या महिन्यातला फोन

माझ्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, पाच टाक्यांची खूण आहे. ती मुक्ताईनगरच्या एका गिऱ्हाइकाने दिलेली, आणि खरं सांगायचं तर त्याची फारशी चूक नव्हती. जळगावात एका मोबाईलच्या दुकानात मी हप्त्यांच्या काउंटरवर बसतो. त्या माणसाचा हप्ता थकला, फायनान्सवाल्यांनी त्याचा फोन लॉक केला, आणि नेमकी त्याच दिवशी त्याची बायको बाळंतपणाला दवाखान्यात. त्याला कुणाचा फोन लागेना, कुणाचा येईना. तो दुकानात आला आणि हातातला फोन धाडकन माझ्या तोंडावर फेकला. रक्त डोळ्यात उतरलं. मीही काही साधुसंत नाही. काउंटरवरून उडी मारून त्याची कॉलर धरली आणि त्याला काचेच्या कपाटावर आपटलं. शेठने आम्हा दोघांना एकाच रिक्षात कोंबून दवाखान्यात धाडलं. वाटेत तो रडत होता आणि मी त्याला आईबहिणीवरून शिव्या घालत होतो.

हे लॉक म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. दुबईहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने मला सांगितलं होतं की तिकडे फोन सिमच्या करारावरसुद्धा मिळतो. दोन वर्षं त्याच कंपनीचं सिम वापरायचं, फोनचे पैसे महिन्याच्या बिलात येतात. आपल्याकडे सिम वेगळं, फोन वेगळा. फोन रोख घ्या, बँकेच्या कार्डावर हप्ते पाडून घ्या, नाहीतर फायनान्सवर घ्या. कार्डावर घेतला तर हप्ता चुकल्यावर बँक तुमच्या मागे हात धुऊन लागते, पण फोनला हात लावत नाही. फायनान्सचा फोन डब्यातून काढल्या काढल्या मी त्यात कंपनीचं एक ॲप टाकतो. ते गिऱ्हाइकाला काढता येत नाही. हप्ता थकला की आधी स्क्रीनवर लाल पाटी येते, चार-आठ दिवसांनी सगळंच बंद. मग फोटो नाहीत, व्हॉट्सॲप नाही, काही नाही. फक्त 'थकलेला हप्ता भरा' आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याचं नाव.

असाच एक फोन मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याला दिला.

आमचं घर जळगावशेजारच्या असोद्याचं, घरात आई, वडील म्हणजे आबा, माझी बायको आणि पोरं. बहीण माझ्याहून पाच वर्षांनी लहान, दिली धुळ्यापुढच्या नरडाण्याला. पाहुणे, म्हणजे तिचा नवरा, तिथल्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला. अधिक महिना आला, आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, की जावयाला जेवायला बोलावतात. पुरणाचे धोंडे करतात, पाय धुतात, तेहेतीस अनारसे किंवा बत्तासे वाण म्हणून देतात. पूर्वी त्यावर चांदीची एखादी वाटी असायची. आता जावई लोक महिनाभर आधीच बायकोच्या तोंडून निरोप धाडतात, की मोबाईल. आमच्या पाहुण्यांनी तर मॉडेलचा नंबरच लिहून पाठवला होता. आबा म्हणाले, "तुह्या दुकानातूनच आन. जावई मानूस हाये, नाही कसं म्हनावं?"

मी कार्डावर घेऊ शकलो असतो. शेठ म्हणालाही होता, माझ्या कार्डावर टाकून देतो. पण महिनाअखेर होती आणि फायनान्सच्या टार्गेटला माझी कर्जाची एक फाईल कमी पडत होती. म्हणून मी माझ्याच नावाने फाईल केली, अठरा हप्त्यांची, आणि बहिणीच्या धोंड्याच्या वाणाने माझं टार्गेट पूर्ण केलं. घरी ताटात बत्तासे रचले, मध्ये फोनचा डबा ठेवला आणि ऐटीत सांगितलं, "रोख घेतला आहे, पाहुणे." आबांनी त्याचे पाय धुतले. तो पाय पुढे करून फोनचं कव्हर सोलत बसला होता, खाली बघितलंसुद्धा नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली. आई तिच्या केसांना तेल लावत होती आणि एकदम थांबली. मानेच्या मागे चार बोटांचे निळे वळ. बहीण म्हणाली मोरीत पाय घसरला. अरे, मोरीला काय बोटं असतात का? मी खुंटीवरची गाडीची चावी काढली. ती धावत दारात येऊन आडवी उभी राहिली.

"भाऊ, तू नरडान्याले जाशीन तर माह्या मढ्यावरून जाशीन. तू मारशीन त्याले, अन् मंग तो मारीन माले. तू काहीच करू नको. आन हाये तुले माही."

मी शब्द दिला. नरडाण्याला जाणार नाही म्हणालो. सण झाला, ती परत गेली. आणि मी दुकानात बसून दिवसभर दात खात राहिलो. समोरच्या गिऱ्हाइकाला काय सांगतो आहे तेही कळत नव्हतं. एका म्हाताऱ्याने दोनदा व्याज विचारलं तर त्याच्या अंगावर ओरडलो. आमच्या घरात राग असाच चालत आलेला. आबांनी मला सायकलच्या चेनने मारलेलं आहे, मी शाळेत एकाचा दात पाडलेला आहे. राग आला की हात चालले पाहिजेत, त्याशिवाय झोप येत नाही. पण हात तर तिने बांधून ठेवले होते.

मग सुचलं. हप्ता माझ्या खात्यातून दर महिन्याला आपोआप कटायचा. मी खात्यातले सगळे पैसे काढून आईच्या खात्यावर टाकले. बस्स. हप्ता परतला, कंपनीचे फोन आले, मी उचलले नाहीत. चार दिवसांनी त्याच्या फोनवर लाल पाटी आली असणार. त्याचा मला फोन आला, मी तोही उचलला नाही. रोज सकाळी काउंटरचा कॉम्प्युटर उघडला की आधी माझीच फाईल बघायचो. एका सकाळी तिच्यापुढे 'लॉक' असं आलं. मला इतका आनंद झाला की सगळ्या दुकानाला चहा पाजला. बसला दणका, म्हटलं! न जाता, न हात लावता, शंभर किलोमीटरवरून मुस्काटात ठेवून दिली त्याच्या. बहिणीची आणही मोडली नाही. कसला हुशार समजत होतो मी स्वतःला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीच्या शेजारणीचा फोन आला. ती घाबरलेली, अर्धं अहिराणीत, अर्धं मराठीत बोलत होती. आदल्या दिवशी पाहुणे कंपनीच्या गेटवर चहाच्या टपरीवर मित्रांना क्रिकेट दाखवत होते. फोन हातातच बंद पडला आणि वर माझं नाव आलं. मित्र खो-खो हसले. साल्याच्या उधारीवर मिरवतो का रे, म्हणाले. तो रात्रभर धुमसत राहिला, सकाळी कामावर गेला, तिथे पुन्हा कुणीतरी चिडवलं. अर्धी पाळी टाकून घरी आला. बहीण भाकरी करत होती. त्याने तिला केस धरून चुलीपासून ओढलं आणि त्याच फोनने, तो मुठीत उभा धरून, तिच्या कानावर मारलं. एकदा नाही. शेजारीण म्हणाली, मोजले नाहीत पण आवाज आमच्या घरात येत होता. तिनेच माझ्या बहिणीला रिक्षात घालून धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं आणि तिथूनच ती बोलत होती.

मी मोटरसायकल काढली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, काही आठवत नाही. ऊन मरणाचं होतं. धुळं वाटेतच लागतं. दवाखान्याकडे वळायचा रस्ता समोर आला, मी गाडी हळूसुद्धा केली नाही. सरळ हायवेने नरडाण्याला गेलो. ती तिकडे एकटी पडली होती आणि मला आधी हात साफ करायचे होते.

पाहुणे अंगणात बाजेवर पडले होते, पंखा लावून. मी हेल्मेट काढलं आणि त्याच हेल्मेटने पहिला वार त्याच्या नाकावर केला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि मला बरं वाटलं, हेही लिहितो, लपवत नाही. तो बाजेवरून खाली पडला, मी वर बसलो. मारत होतो, मारत होतो. त्याचे दोन दात माझ्या मुठीला लागून निखळले. त्याची आई माझ्या पाठीवर मुसळाने मारत किंचाळत होती, "तिना नवरा शे तो! दोन झापडा मारात तं काय व्हयनं?" चौघांनी मिळून मला ओढलं तेव्हा त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. दारातल्या फळीवर तो फोन चार्जिंगला लावलेला होता. काचेला तडा, एका कोपऱ्याला वाळलेलं रक्त आणि केसांचं एक गुंतवळ. स्क्रीन चालू होती. तिच्यावर माझं नाव होतं.

मग मी धुळ्याला आलो. बहिणीचा डावा गाल फुगून डोळा मिटला होता, कानात कापसाचा बोळा, तो लाल झालेला. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटला आहे, आतही मार आहे, ऐकायला किती येईल ते आत्ता सांगता येत नाही. मी तिच्या खाटेशी उभा राहिलो, शर्टावर त्याचं रक्त तसंच, आणि मोठा पराक्रम सांगावा तसं म्हणालो, "तोडला त्याले. नाक फोडलं, दात पाडले."

तिने एका डोळ्याने माझ्या शर्टाकडे बघितलं. मग म्हणाली, "भाऊ, फोन तूच बंद केला ना?"

मी म्हणालो, "हप्ता राहून गेला होता."

"मुद्दाम केला ना?"

मी शर्टावरचं रक्त चोळत राहिलो.

"तो माले हेच इचारे," ती म्हणाली. "तुह्या भावानं मुद्दाम केलं ना, सांग. मी म्हने, नाही, माहा भाऊ असं नाही करनार, माले त्यानं शब्द देला हाये. जितक्या डाव मी नाही म्हने, तितक्या डाव तो मारे. हो म्हनलं असतं तर थांबला असता का काय माहीत. पन् मी नाहीच म्हनत राह्यली."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीवर डोकं आपटलं. लोक बघायला लागले. मग खिशातून मोबाईल काढला, आईच्या खात्यातून पैसे घेतले आणि हप्ता भरून टाकला. का भरला, देव जाणे. दोन मिनिटांत मेसेज आला, की आपला फोन सुरू करण्यात आला आहे, धन्यवाद.

पंधरा दिवसांनी असोद्याला आमच्या घरी बैठक बसली. पाहुण्यांकडचे चार जण, आमच्याकडचे चार. आबांचे मोठे भाऊ, थोरले नाना, म्हणाले, झालं ते झालं, दोन्हीकडून मारामारी झाली, फिटंफाट. फोनचा हप्ता वेळेवर भरत जा आणि पोरीला नांदायला पाठवा. पाहुण्यांकडचे म्हणाले, मग आम्हीही साल्यावर केस करत नाही. आबांनी मान हलवली. मला तुरुंगातून वाचवायला आबा पोरगी परत पाठवायला निघाले होते, आणि मी, मोठा पैलवान, खाली मान घालून बसलो होतो.

बहीण स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. आमच्याकडे बैठकीत बायका बोलत नाहीत. ती म्हणाली, "मी नाही जानार. मी पोलिसात जानार हाये. अन् भावानं त्याले मारलं तेबी सांगनार हाये, फोन काहून बंद झाला तेबी. बठ्ठं सांगनार."

आबा हात उगारून उठले. तिने डोकं खाली केलं नाही. मी मध्ये जाऊन आबांचं मनगट धरलं, आयुष्यात पहिल्यांदा. नुसतं धरून ठेवलं. आबा हिसके देत राहिले, मला शिव्या देत राहिले, मग दमून खाली बसले आणि ढसाढसा रडले. पाहुण्यांकडचे चहा न घेता उठून गेले.

ती पोलीस स्टेशनला गेली आणि म्हणाल्याप्रमाणे सगळं बोलली. भांडणाचं कारण विचारलं तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलो होतो. 'भावाने फोन मुद्दाम बंद केला,' असं तिने सांगितलं आणि समोरच्या हवालदाराने ते लिहून घेतलं. दोन केस झाल्या, एक त्याच्यावर, एक माझ्यावर. दोन्ही धुळ्याच्या कोर्टात चालू आहेत. तारखेला आम्ही बहीण-भाऊ एकाच बसने जातो. मला काय शिक्षा व्हायची ती होऊ दे, मी भोगीन.

ती आता आमच्याकडेच असते, केळीच्या पॅकिंगला जाते, स्वतःचं कमावते. माझ्यावर रागावलेली नाही, निदान तसं दाखवत नाही. जेवायला वाढते, माझ्या पोरांचा अभ्यास घेते. डावा कान गेला तो गेलाच. त्या बाजूने मी हळू बोललो तर तिला ऐकू येत नाही, आणि आवाज चढवला की ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसते. काल जेवताना मी आवाज चढवला, मला फक्त मीठ हवं होतं.