पेचकसानं ऐकायचा कॉम्प्रेसर

कॉम्प्रेसरखाली ऑइल साचतं, तसे आमच्या दालमिलमधले किस्से साचतात. सांडलं कोणी ते कोणी सांगत नाही, पुसायला कोणी वाकत नाही, आणि घसरून पडतो तो भलताच!

मी पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडून चिखलीच्या या मिलमध्ये लागलो. बाबा इथले जुने मिस्त्री. डाळीतले काळे दाणे फुंकून उडवणारं मशीन या कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतं. तो बसला की मिल बसली.

* * *

संभाजीनगरहून सेल्समन आला. टेबलावर तीन सेन्सर मांडले. एक ताप मोजणारा, एक ऑइलचं प्रेशर, एक थरथर.

शेठनं विचारलं, "यातला लाइट कोणाचा मोठा हाये?"

"तापवाल्याचा."

"मंग तोच द्या. पाव्हणे येतात मिल पाह्याले!"

झाली निवड.

* * *

मे महिन्यात कॉम्प्रेसर तापला, सेन्सरनं बंद केला. चालू केला, परत बंद. मॅनेजरकाका तावातावानं आले, गमछा ओला केला आणि सेन्सरलाच गुंडाळला. आकडा खाली आला.

"पाहा! पोराले ताप आला तं पट्टीच ठेवतो ना आपुन?"

सगळे हसले. शेठनं शाबासकी दिली. आत बेअरिंग भाजत होतं, त्याच्या कपाळाला कोण हात लावणार!

* * *

बेअरिंगची जबाबदारी बाबांची. पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक बेअरिंगवर, आतला आवाज ऐकायला मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग अंगठा वर. "मस्त चालू हाये!" एवढ्यावर शेठ निवांत.

घरी आई पाठीमागून जेवायला हाका मारते. बाबा वळतसुद्धा नाहीत. तिनं खांद्याला हात लावला की म्हणतात, "आलोच म्हन्लं ना!"

कधी म्हटलेलं नसतं.

एकदा मी समोर उभा राहून ओरडलो, "बाबा, तुमाले ऐकू येत नाही. शेठले सांगून टाका!"

ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"सांगतलं तं घरी बसवतीन," म्हणाले. "अन् तू काऊन ओरडून राह्यला बे?"

* * *

मी शेठकडे गेलो. म्हटलं, थरथरवाला सेन्सर घ्या. बेअरिंग आधी थरथरते, तापते मागून. तापेपर्यंत उशीर होते. फुटलं तर समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर.

समोर बसतं कोण, ते बोललो नाही.

"कॉलेज सोडलेलं पोट्टं मले शिकवते! तुह्या बापाचे कान हायेत ना मजबूत?"

हा माणूस इतकी वर्षं बाबांशी बोलतोय. उत्तर येतं का नाही, हे त्यानं कधी पाहिलं नाही.

शेवटी मीच सेल्समनला गाठलं. फुकट ट्रायल म्हटल्यावर शेठ लगेच तयार झाला.

* * *

सेन्सर बसवायला सेल्समननं कॉम्प्रेसर बंद केला. बाजूचा पॉलिशरचा ड्रम तेवढा चालू, त्यानं सारी फरशी, बंद कॉम्प्रेसरसकट, हादरत होती. शेठ, मॅनेजरकाका, मी, सगळे भोवती.

बाबा बाहेरून आले. एवढी माणसं बघून गडबडीनं खाली बसले. पेचकस बेअरिंगवर. मूठ कानाला. डोळे मिटले.

मी पुढं झालो. शेठनं हातानं अडवलं.

मग अंगठा वर. "मस्त चालू हाये, शेठ!"

कोणी हसलं नाही. मॅनेजरकाकासुद्धा.

बाबांनी डोळे उघडले. एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. आमचे ओठ हलत नव्हते.

मग त्यांनी अंगठा आणखी थोडा वर केला.