जानीचा निकाल

वाईनच्या कारखान्यातले आम्ही जुने कामगार मोखाड्याच्या बाजारात भेटलो की चहा गार होतो. एकानं किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात. मला वाढवून सांगितलेलं खपत नाही. मी पाहिलेलंच सांगतो.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. भात झोडून झालं की आम्ही नाशिककडं जायचो, ते पावसाच्या तोंडावर परत. मी टाक्यांवरचा मुकादम. साखरशेतचा लहानू माझ्या हाताखाली. शाळा दोघांचीही बेताची, पण त्याची जीभ पक्की. त्याची बायको जानी मोहाची गाळायची. तिच्या हाताची चव अख्ख्या पाड्याला ठाऊक.

पहिल्याच वर्षी साहेबांनी स्वस्तातली लाल वाईन दाखवली. म्हणाले, "ही टेबल वाईन."

लहानू म्हणाला, "साहेब, आमच्यात टेबल नाय. पाटावर बसून चालंल?"

*

मग साहेबांनी चव घ्यायला शिकवलं. तोंडात घोळवायची आणि थुंकायची! लहानूनं तसंच केलं.

"कशी आहे?"

"अर्धीच कळली, साहेब. घशाला कुठं विचारलं?"

*

मुंबईचे दोन पाहुणे आले. ग्लास फिरवला, नाक घातलं. एक म्हणाला, "मागून थोडं चामडं येतंय."

ही तारीफ होती, हे आम्हाला काय ठाऊक! लहानू भडकला.

"चामडं? टाकी मी सोता धुतलीय! चपला बाहेर काढून उतरलो होतो!"

*

तीन नंबरच्या टाकीतली चाखून लहानू म्हणाला, "चिंच गाभुळलीय." म्हणजे आंबटपणा उतरलाय, गोडी अजून यायचीय. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. पुढं मोठमोठ्या पाहुण्यांना ते ऐटीत विचारायचे, "गाभुळ वाटतेय ना?"

पाहुणे माना डोलवायचे!

*

पण 'चांगली' हा शब्द लहानूच्या तोंडून कधी निघाला नाही. दर वेळी एकच. "जानीला विचारायला पायजे."

साहेब एकदा वैतागले. "कोण हे जानी? कुठले कन्सल्टंट?"

आम्ही कोणी हसलो नाही. होळी जवळ आली होती. आमच्याकडं होळी दिवाळीहून मोठी. आणि द्राक्षं नेमकी तेव्हाच येतात. तोवरच्या सगळ्या होळ्या आम्ही टाक्या धूत काढल्या.

*

एका वर्षी वाईन खरंच झकास उतरली. साहेबांनी लहानूला एक बाटली आणि चार दिवसांची रजा दिली. "जा. जानीबाई चांगली म्हणाल्या तर हीच बाटल्यांत भरू."

लहानू होळीला घरी गेला. चाराचे बारा दिवस झाले. साहेबांनी मला धाडलं.

लहानू ओट्यावर बसला होता. बाटली कोनाड्यात, निम्मी उरलेली.

म्हणाला, "दादा, मी काय करू? रोज एक घोट घेते. रोज म्हणते, उद्या सांगते."

माझ्या घरी मला विचारणारं कोणी उरलं नव्हतं. मी आवाज चढवला. "वहिनी, तिकडं काम अडलंय. चांगली का वाईट, एका शब्दात सांग."

जानीनं पदराला हात पुसले. "सांगते की भाऊजी. पण सांगितलं की हा जाईल ना?"

खाली जीपवाला हॉर्न देत होता. मी उतरलो.

"मुकादम, दोन सीट ना?"

"एक."