पातळ पाण्याचे दिवस

शेजारच्या शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर माझी नेमणूक वर्षभरापुरती होती. कारंज्यात एक खोली भाड्यानं घेतली होती. तिथून एसटीनं पाऊण तास आणि पुढे सोयाबीनच्या शेतांमधून पायी. दूरच्या एका संस्थेत या प्रकल्पाचं मॉडेल संगणकावर तयार होत होतं. वस्ती वाढली तर टाक्या पुऱ्या पडतील का, हे त्यातून कळणार होतं. त्याला लागणारे आकडे विश्वासाचे आहेत की नाहीत, हे मी बघायचं.

नोंदवहीत आकडे लिहायचे ते तिथले ऑपरेटर. पन्नाशीचे, धनज गावाहून मोटरसायकलवर यायचे. दिवसभर प्रकल्पावर आम्ही दोघंच. पहिले दोन महिने लिंबाखाली आम्ही एकत्र डबा खाल्ला. माझ्या डब्याकडे बघून ते म्हणायचे, "एवढ्याशानं काय होते, मॅडम?" आणि अर्धी भाकर माझ्याकडे सरकवायचे.

मग उन्हाळ्यात मी जुन्या नोंदींचा आलेख काढला. मधूनच एखाद्या दिवशी येणारं पाणी एकदम वाढलेलं आणि त्यातली घाण निम्म्यावर आलेली. कधी आठ दिवसांनी, कधी अकरा. त्या दिवसांत पाऊस तर पडलाच नव्हता.

मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. "काका, हे आकडे खरंच मोजलेत ना?"

"मंग? मोजल्याबिगर कायले लिहीन?"

"पण असं होणं शक्य नाही."

"मले काय इचारता? पान्याले इचारा." ते उठून गेले.

मी त्या तारखांवर लाल रेघ मारली आणि अहवालात लिहिलं : नोंदी संशयास्पद. आठवड्याभरात प्रकल्प चालवणाऱ्या ठेकेदारानं वही त्यांच्याकडून काढून घेतली आणि त्यांना पाणी आत येतं तिथल्या जाळीवरचा कचरा काढायला लावलं. त्या दिवसापासून ते गेटजवळ डबा खाऊ लागले. माझ्याशी बोलणं बंद. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पंपांचा घरघराट, मी आणि बर्फात ठेवलेल्या नमुन्यांच्या बाटल्या. फोनवर आई विचारायची, "तिथं बोलायला कोणी आहे का गं?" मी म्हणायचे, आहेत की.

नोंदी आता मीच घेत होते. आठवडाभरातच एका सकाळी एसटीत शेजारच्या बाईच्या मांडीवर दोन रिकाम्या कळश्या होत्या. "शहरात बहिणीकडे चालली," ती म्हणाली. "तिच्याकडे आज नळ येऊन राह्यले. आमच्याकडे अजून पत्ता नाई."

मी खिडकीबाहेर बघतच राहिले. माझ्या खोलीला बोअरचं पाणी होतं. काकांच्या घरी विहीर. त्या शहराला आठ-दहा दिवसांनी नळ येतो, त्या दिवशी घरोघरी धुणी निघतात, भांडी-पिंपं खळखळून रिकामी होतात, आणि ते सगळं पातळ पाणी गटारानं आमच्याकडे येतं, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

त्या दिवशी मी दर तासाला नमुना घेतला. पाणी वाढलं, घाण निम्म्यावर आली. नगरपालिकेतून नळाच्या जुन्या तारखा मागवल्या. माझ्या लाल रेघांशी एकूण एक जुळल्या.

मी जाळीपाशी गेले. "काका, माझी चूक झाली. तुमचे आकडे बरोबर होते."

त्यांनी दाताळं थांबवलं नाही. "मले माईतच होतं."

अहवाल दुरुस्त करून पाठवला. ठेकेदाराकडून वही परत मिळवून त्यांच्यासमोर धरली, तर ते म्हणाले, "आता तुमीच लिहा." वर्ष संपेपर्यंत मीच लिहिली. लिंबाखाली एकटी जेवले. नळाच्या दिवसांसह मॉडेल नीट चाललं, असं संस्थेतून कळलं. ते कुणाला सांगावं, हे मला सुचेना.

शेवटच्या दिवशी मी पिशवी घेऊन गेटपाशी आले तेव्हा ते हात धूत होते.

"त्या कॉम्प्युटरात माहे आकडे हायेत काय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"सगळे आहेत."

"मंग ठीक हाय," म्हणत त्यांनी नळ बंद केला आणि माझ्यासाठी गेट उघडलं.