एका दमाचं समालोचन

बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात. तिसगावच्या गहिनीनाथनं माती कधी विकली नाही, पण गावच्या रेडिओ केंद्रावरून तो पगारी कबड्डी संघांच्या सामन्यांचं समालोचन करू लागला की टपरीवरच्या माणसांचा चहा हातातच निवायचा. खेळाडू चढाईला गेला की हा पठ्ठ्याही दम धरायचा आणि तो माघारी येईपर्यंत एका दमात बोलायचा. टेक एकच, दिसेल तेच सांगायचं. कांदे विकताना खोटं बोलला असेल तर असेल, माईकवर कधी नाही.

आज घोडेगावच्या मैदानावर मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. चढाईला त्याची लेक राजनंदिनी होती. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पुन्हा दुखावला तर खेळ कायमचा संपला, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि घरी त्याची आई, बनुबाई. डोळ्यांनी दिसत नाही, त्यात छातीचं दुखणं. नातीचा सामना असला की ती रेडिओ मांडीवर घेऊन बसायची.

"आई, आज नगं ऐकू," तो सकाळी म्हणाला होता.

"मग काय भिताडाकडं बघत बसू व्हय?" म्हातारी फिसकारली होती.

राजनंदिनीनं एकीला शिवलं, तिघींच्या हातून निसटली, मधली रेषा ओलांडली आणि गुडघा धरून कोसळली. गहिनीनाथचा दम संपला, शब्दही संपले. रेडिओ मुका झाला. आईच्या मांडीवरचा तो रेडिओ डोळ्यांपुढे आला.

"उठली!" तो ओरडला. "गुन मिळाला आन् पोरगी उठली! लई झ्याक, उठली!"

भीतीच्या भरात तो विसरला, की त्याचाच माईक मैदानातल्या भोंग्यांनाही जोडलेला होता.

राजनंदिनीनं मान वर केली. दात आवळले, दोन्ही हात मॅटवर रोवले आणि त्याच पायावर भार टाकू लागली. बापाचा शब्द खरा करायला निघाली होती पोरगी. गहिनीनाथला ते कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"खोटं बोललो मी! आई, न्हाई उठली ती. राजा, पडून ऱ्हा. माझ्यासाठी उठू नगंस, बाळा."

राजनंदिनीनं हात सोडले आणि मॅटवर डोकं टेकून रडू लागली. डॉक्टर धावले, स्ट्रेचर आलं. तो दिसेल ते सांगत राहिला. तिसगावात म्हातारी अजून ऐकतेय का, एवढंच त्याला दिसत नव्हतं.