ओव्हरसियरसाहेबांची पाळ

आमच्या रस्त्यावरच्या ओव्हरसियरसाहेबांइतका छळ मला आयुष्यात कुणी केला नाही. शाळेतल्या वात्रट पोरांनीसुद्धा नाही. संस्थान विलीन झाले, मध्यभारत आला, साहेब निवृत्त झाले, पण रस्त्याच्या कडेची काँक्रीटची पाळ अजून आपल्याच ताब्यात आहे अशी त्यांची ठाम समजूत. कारण होते त्यांच्या घरात. त्यांच्या पत्नीची, म्हणजे आमच्या काकूंची, दृष्टी गेलेली, आणि कुणी हात धरलेला त्यांना मुळीच खपत नसे. पाळीला काठी लावून त्या रोज संध्याकाळी एकट्या देवळात जात. पाळ तुटली की काकूंचे देऊळ बंद.

कचेरीत अर्ज करून झाले. नव्या राज्याची राजधानी फिरती, म्हणून फाईलही उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. खड्डा मात्र बाराही महिने आमच्या दारात. मग साहेबांनी फुकटातला मार्ग काढला. कुणाचीही वास्तुशांत असो, हे हजर. लोक जेवून विडा घेत, हे बांधकामातले उरलेले सिमेंट मागत, तेही जेवणाच्या डब्यात! शेजारी मी, मान खाली घालून. गोडेतेलाचा डबा कापून साचा केलेला, मल्हारगंजातल्या दुकानांतून मागून आणलेली फाटकी पोती, आणि विटांचे तुकडे माझ्या अंगणातले, न विचारता उचललेले. तुटका भाग टोकरायचा, भिजवायचा, भरायचा आणि वर ओले पोते टाकायचे. एकदा स्टेशनहून येताना मी बसलेल्या टांग्याचे चाक त्या ओल्या पाळीवर चढले. झाले! सात दिवस, दिवसातून तीनदा पाणी घालायची शिक्षा मला. घाईत मी धुण्याचे पाणी नेले, तर साहेबांनी बादलीत बोट घालून पाहिले.

"क्यों मास्तर, आंघोळ घालताय का तिला? पाणी पाजायचंय भिया, साबण नाही!"

असा संताप आला होता, की आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. पाणी मात्र घातले.

साहेब गेले त्याच वर्षी एका बैलगाडीने माझ्या फाटकासमोरची पाळ फोडली. संध्याकाळी पाहतो तर काकू तिथेच थांबलेल्या, काठी खड्ड्यात चाचपडत होती. मी धावत जाऊन हात पुढे केला.

"हात नको, मास्तर," त्या म्हणाल्या. "पाळ तेवढी भरा. हे म्हणायचे, पाणी घालावं तर मास्तरांनी."

मला हे साहेबांनी कधीच सांगितले नव्हते. फार आठवण आली त्यांची.

त्या रविवारी शाळेतल्या एका सहकाऱ्याकडे वास्तुशांत होती. निघताना मी रिकामा डबा धुऊन, कोरडा पुसून बरोबर घेतला.