दुसऱ्या भागातली ड्रायव्हर

मी गाव सोडलं त्या सकाळी आबांनी मला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. आबा म्हणजे माझे वडील. हिंगोलीकडच्या आमच्या गावापासून तालुक्याच्या स्टँडपर्यंत त्यांची काळीपिवळी चालायची. एरवी पुढची सीट गुरुजींची, नाहीतर एखाद्या म्हाताऱ्या माणसाची. त्या दिवशी त्यांनी ती कुणाला दिली नाही. स्टँडवर माझी बॅग चढवून दिली आणि म्हणाले, "तिथं कुणाला भिऊ नको, बाई. अन् कुणाला भिववू पण नको."

गावाकडच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, तू तिथे नेमकं करतेस काय? आणि माझ्यासारख्याच घर सोडून इकडे आलेल्या पोरी विचारतात, करमायला किती दिवस लागले? दोन्हीकडच्यांना एकदाच सांगून टाकते.

चाकणच्या एका कंपनीत मला दरवाज्यांच्या लाइनवर घेतलं. गाडी समोर येते, आपण दाराच्या कडेला रबर बसवायचं, ती पुढे सरकते, दुसरी येते. दिवसभर कोऱ्या गाड्या हाताखालून जायच्या आणि शिफ्ट सुटली की मी कंपनीच्या बसमध्ये दांडीला धरून उभी. लाइनच्या टोकाला तयार गाडी चालू करून यार्डात लावणारे ड्रायव्हर असत. सगळे पुरुष. त्यांच्याकडे बघायच्या नादात माझं रबर वाकडं बसायचं. पण मी कधी कुणाला काही विचारलं नाही. लहानपणी आबांना जीप शिकवाल का म्हणून विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "तू चालवाया लागलीस तर लोक बसायचे न्हाईत गाडीत." ते रागावून बोलले नव्हते. गावात जे होतं ते सांगत होते. म्हणून ते जास्त लागलं.

खोलीवर माझ्यासोबत गुहागरकडची रेखा राहायची. एका गुरुवारी, म्हणजे आमच्या साप्ताहिक सुट्टीला, ती हट्टाने मला चिंचवडला सिनेमाला घेऊन गेली. गाड्यांच्या पाठलागांचा सिनेमा होता, दुसरा भाग. पहिला मी गावी टीव्हीवर आबांसोबत पाहिला होता. त्यातली नायिका सगळा वेळ शेजारच्या सीटवर बसून किंचाळत होती आणि आबा वैतागून म्हणाले होते, हिला उतरवा की कुणीतरी. मी रेखाला म्हटलं, दुसऱ्या भागात काय वेगळं असणार? त्याच गाड्या, तीच पळापळ.

रेखा म्हणाली, "तेच बघायचंय गो. इतकं सगळं होऊन ती माणसं अजून आहेत ना, ते."

थिएटरात निम्मे लोक कंपन्यांमधले. पडद्यावर कोरी गाडी पुलावरून उलटली तर मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, "अरे राव, पेंट शॉपवाल्यांचा तरी विचार करा." सगळं थिएटर हसलं. आम्ही ज्या वस्तू बोटाचा ठसा उमटू न देता बनवायचो, त्या तिथे काड्यापेट्यांसारख्या चिरडल्या जात होत्या. आठवडाभर लाइनच्या वेगाने चालणाऱ्या माणसांना, कुणीतरी पायाखालचा वेग स्वतः ठरवतंय, हे बघायचं होतं. मलाही तेच हवं होतं.

मध्यंतरानंतर नायकाचा हात मोडतो. मागे शत्रू, पुढे घाट. तेव्हा पहिल्या भागातली तीच नायिका त्याला सरकायला सांगते आणि स्वतः स्टेअरिंगवर बसते. किंचाळत नाही. ओठ घट्ट मिटून घाट उतरते. थिएटरात शिट्ट्या सुरू झाल्या. रेखानेही वाजवली. मला वाजवता येत नाही. मी नुसती बसून राहिले. पहिल्याच भागावर गोष्ट संपली असती, तर ही बाई सगळ्यांच्या लेखी किंचाळणारीच राहिली असती, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्याच आठवड्यात मी सुपरवायझर सरांना गाठलं आणि यार्डात गाड्या लावायचं काम मागितलं. त्यांनी लायसन्स आहे का विचारलं. नव्हतं. ते म्हणाले, मग आधी ते आण. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

पहिली शिफ्ट संपली की मी ड्रायव्हिंग स्कूलला जायचे. चाकणच्याच तळेगाव चौकात माझी गाडी बंद पडली, मागे कंटेनरची रांग, सगळे हॉर्न एकदम. शिकवणारे काका म्हणाले, उतर, मी काढतो. मी उतरले नाही. पुन्हा चावी फिरवली, पुन्हा बंद पडली, पुन्हा फिरवली आणि निघाले. गाडी माझ्याच हातात होती.

लायसन्स मिळालं. यार्डात सरांनी दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत रिव्हर्स लावायला सांगितलं. बघायला सगळे ड्रायव्हर जमले होते. एकजण म्हणाला की डेंट पडला तर सगळ्यांनाच बोलणी बसतील. मी सावकाश लावली, उतरले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला लागले.

आबांना फोनवर सांगितलं. काही दिवसांनी ते स्वतःच चाकणला आले. मी रेखाच्या भावाची गाडी मागून घेतली आणि त्यांना आळंदीला घेऊन निघाले. आबा शेजारी बसले. पाय मात्र नसलेल्या ब्रेकवर दाबत होते. वाटेत त्यांनी त्या सिनेमाच्या दुसऱ्या भागात काय झालं ते विचारलं. मी सांगत होते, इतक्यात चुकीच्या बाजूने एक डंपर अंगावर आला. मी गाडी कडेला दाबली, त्याला जाऊ दिलं आणि पुढचं सांगू लागले.

सिनेमा सांगून झाल्यावर आबा म्हणाले, "हॉर्न कमी वाजवतीस. चांगलं हाय."

मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीच शिकवाया पाहिजे होतं तुला."

मी म्हटलं, "आता तुमचे पॅसेंजर असते तर माझ्या मागे बसले असते का, आबा?"

"न बसून जातेत कुठं," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत त्यांना बसवून दिलं तेव्हा शेजारच्या माणसाने विचारलं, इकडे कुणाकडे आला होता? आजवर आबा सगळ्यांना सांगायचे, पोरगी तिकडं कामाला हाय. खिडकीखाली उभी राहून मी ऐकलं. ते म्हणाले, "पोरगी राहती इथं."

गाडी सुटली तरी मी तिथेच उभी होते. गाव माझं आहेच, ते कुठे जात नाही. पण घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मी अडखळत नाही. मी चाकणला राहते.